लाकडी मासा पोहता करण्याची रीत: लाउरी रापाला यांचा ल्युअर आणि तो घरी घडवण्याची कृती

फिनलंडमधील पैयान्ने सरोवरावर मासेमारी करून संसार चालवणाऱ्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या तुकड्यातून एक लहानसा बनावट मासा कोरला. त्या माशाच्या वंशातले ल्युअर, म्हणजे गळाची बनावट आमिषे, आज जगभरच्या दुकानांत मिळतात. आपल्याकडेही खाडीकाठी जिताड्यासाठी किंवा तलावात मरळीसाठी गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींच्या डब्यात त्यांतला एखादा हमखास सापडतो. मात्र दुकानात तयार मिळतो म्हणून तो घरी करण्यासारखा नाही, असे समजण्याचे कारण नाही. रापाला यांच्याकडे चांभाराची सुरी, पॉलिश पेपर आणि चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी यांपलीकडे फारसे काही नव्हते. नव्वद मिलिमीटर लांबीचा, पाण्यावर तरंगणारा आणि ओढताच बुडी मारून लटपटत पोहणारा लाकडी मासा कसा घडवावा, याची कृती पुढे दिली आहे. रापाला यांना नेमके काय उमगले होते ते आधी लक्षात घेतले नाही, तर या कृतीतील निम्म्या सूचना निरर्थक वाटतील, म्हणून आरंभ तेथूनच करणे योग्य होईल.

रापाला यांचा जन्म १९०५ सालचा, सुस्मा गावचा. लहानपणीच ते आईबरोबर जवळच्या असिक्काला येथे आले. हिवाळ्यात जंगलतोडीची मजुरी आणि पाणी मोकळे असताना मासेमारी, असा त्यांचा वर्षाचा क्रम असे. पैयान्ने हे सुमारे १२० किलोमीटर लांब आणि सुमारे ९५ मीटरपर्यंत खोल असलेले सरोवर आहे. त्यात पाइक, ट्राउट, पर्च यांसारखे शिकारी मासे आहेत. लांब दोरीला ओळीने गळ बांधायचे, प्रत्येक गळाला लहान मासा किंवा गांडूळ अडकवायचे आणि आमिष संपले की पुन्हा नव्याने जमवायचे, यातच त्यांचा बराच दिवस जाई. टिकाऊ बनावट आमिष ही त्यांच्या दृष्टीने पोटापाण्याची निकड होती.

होडीतून उथळ पाण्यात पाहताना त्यांच्या ध्यानात आले की शिकारी मासा लहान माशांच्या थव्यात शिरला, तरी समोर येईल त्यावर झडप घालत नाही. इतरांसारखा सरळ न पोहणारा, जखमेमुळे किंवा अशक्तपणामुळे किंचित कलंडणारा, मधल्या रेषेपासून डावी-उजवीकडे ढळत चाललेला एखादाच मासा तो हेरतो आणि त्याच्यावर तुटून पडतो. यावरून रापाला यांनी काढलेला निष्कर्ष असा की ल्युअर माशासारखा दिसण्यापेक्षा तो दुबळ्या माशासारखा चालणे अधिक महत्त्वाचे आहे. हे निरीक्षण वाचायला साधे वाटते, पण ल्युअर घडवायला बसलेला बहुतेक प्रत्येक नवशिका त्याच्या उलट वागतो: डोळे, खवले आणि कल्ले रंगवण्यात तीन संध्याकाळी घालवतो आणि मासा पाण्यात कसा चालतो ते सर्वांत शेवटी पाहतो. प्रस्तुत कृतीत रंगकाम चाचणीनंतर ठेवले आहे, आणि तो क्रम बदलू नये.

ही लटपट कशी निर्माण होते, हे थोडक्यात सांगतो. ल्युअरच्या हनुवटीखाली पुढे झुकलेली एक पातळ पट्टी असते, तिला लिप म्हणतात. ल्युअर ओढला की पाणी या लिपवर आपटते, तिच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि डोके एकदा एका, एकदा दुसऱ्या बाजूला ढकलले जाते. पोटात खाली शिसे आणि पाठीकडे हलके लाकूड असल्यामुळे कललेला मासा लगेच सरळ होऊ पाहतो. एक बल त्याला कलवते आणि दुसरे सावरते. या ओढाताणीतून ती लटपट जन्मते. लाकूड जितके हलके, तितके पोटातल्या शिशाला काम करायला वाव राहतो आणि चाल चपळ होते. रापाला यांनी आधी बूच, मग जुन्या पाइन वृक्षांची जाड साल आणि पुढे बाल्सा अशी हलकी द्रव्ये का निवडली, त्याचे उत्तर यात आहे.

लाकूड आणि इतर सामान

बाल्साचे लाकूड विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांसाठी सामान विकणाऱ्या दुकानांत पट्ट्यांच्या आणि ठोकळ्यांच्या रूपात मिळते. घेताना हातात तोलून सर्वांत हलका तुकडा उचलू नये. फार हलका बाल्सा इतका मऊ असतो की नखाने खळगा पडतो आणि माशाच्या दातांपुढे टिकत नाही. मध्यम वजनाचा, उभ्या सरळ रेषांचा तुकडा निवडावा. बाल्सा मिळालाच नाही तर पूर्ण वाळलेला पांगारा उत्तम. आगपेटीच्या काड्यांसाठी वापरतात ते सावरीचे लाकूडही चालते, पण त्यावर सुरीने धारदार कड नीट उतरत नाही आणि पॉलिश पेपरचे काम वाढते. बाटलीचे बूच हाताने कोरायला सोपे असले तरी त्याची कणी निघते आणि एवढ्या लांबीसाठी दोन बुचे जोडावी लागतात. रापाला यांनी पहिला मासा बुचाचा केला म्हणून आपणही तसाच करावा, असा आग्रह नको. साग, शिसव यांच्या वाटेला मात्र जाऊच नये. ती लाकडे टिकाऊ असली तरी इतकी जड की पोटात शिसे घालायला जागाच उरत नाही.

याशिवाय ०.८ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार, थोडे शिसे, दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद, दोन तिहेरी गळ आणि ते अडकवण्यासाठी दोन स्प्लिट रिंगा (किल्ल्यांच्या कडीसारख्या दुहेरी वेढ्याच्या लहान कड्या) लागतील. लिपसाठी सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा तुकडा हवा. छपराच्या आणि जाहिरातफलकांच्या कारागिरांकडे अशी कातरणे पडलेली असतात. जुनी सीडीसुद्धा पॉलिकार्बोनेटचीच, १.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावरचा चंदेरी थर चिकटपट्टीने ओढून काढला की तिची लिप होते, मात्र कापताना ती तडकण्याचा संभव असल्यामुळे कात्रीऐवजी बारीक दात्यांच्या करवतीने कापून कानशीने घासावी. हत्यारांत धारदार सुरी, हेक्सॉचे पाते, बारीक कानस, टोकदार पक्कड आणि ८०, १८० व ४०० नंबरचे पॉलिश पेपर पुरेत. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा ही चैन वाटेल, पण त्याच्याशिवाय दुसरा ल्युअर पहिल्यासारखा होत नाही.

ठोकळ्यावरच्या खाचा

९० मिलिमीटर लांब, १४ मिलिमीटर उंच आणि १२ मिलिमीटर जाड असा काटकोनी ठोकळा तयार करावा; लाकडाचे धागे लांबीच्या दिशेने असावेत. ठोकळ्याच्या पाठीवरून, नाकावरून, पोटावरून आणि शेपटीवरून फिरून पुन्हा पाठीला मिळणारी मध्यरेषा टोकदार पेन्सिलीने काढावी. पुढचे सगळे काम या रेषेच्या भरवशावर चालते. पुठ्ठ्यावर माशाची बाजूची आकृती कापून ती ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंवर आखावी: सर्वांत जाड भाग नाकापासून लांबीच्या एक-तृतीयांशावर, तेथून शेपटीकडे सावकाश निमुळता.

आकार देण्याची कितीही घाई झाली तरी खाचा आधी पाडाव्यात. ठोकळा चौकोनी असेपर्यंत तो टेबलावर नीट बसतो आणि करवत काटकोनात चालते. एकदा तो गोल झाला की सरळ खाच पाडणे हे नशिबाचे काम होते. पहिली खाच पोटाच्या मध्यरेषेवर, नाकापासून शेपटीपर्यंत, हेक्सॉच्या पात्याने ८ मिलिमीटर खोल. यात तार बसेल. दुसरी खाच लिपची. नाकाच्या टोकामागे ५-६ मिलिमीटरवर पोटाच्या बाजूने सुरू होऊन ती मागे आणि वर, ठोकळ्याच्या लांबीशी ४५ अंशांचा कोन करत, ७ ते ८ मिलिमीटर आत जावी. ही खाच मध्यरेषेला बरोबर काटकोनात आडवी असलीच पाहिजे. अर्धा अंश चुकला तरी मासा आयुष्यभर एका बाजूला ओढत राहील. तिचे आतले टोक तारेच्या पातळीच्या खाली संपले आहे ना, हेही पाहून घ्यावे. ते वर गेले असेल तर लिपच्या आतल्या कडेला मधोमध तारेपुरती फट कोरावी लागते.

आता सुरी हातात घ्यावी. आधी वरून पाहिल्यास दिसणारा आकार, म्हणजे डोक्याकडे आणि शेपटीकडे होत जाणारा निमुळतेपणा, दोन्ही बाजूंनी सारखा काढावा. मग चारही कडा ४५ अंशांत छाटून ठोकळा अष्टकोनी करावा, आणि त्यानंतरच तो गोलाईत आणावा. अष्टकोनाची ही पायरी गाळू नये, कारण आठ सपाट पट्ट्यांची रुंदी डोळ्यांना ताडून पाहता येते, गोलाईची येत नाही. सुरीचा कल नेहमी जाड भागाकडून टोकाकडे ठेवावा; उलट दिशेने कोरल्यास धागे उचकटतात. शेवटी ८० नंबरच्या पेपरने घडण आणि १८० व ४०० ने गुळगुळीतपणा आणावा. मासा आरशासमोर नाकाकडून धरला की डावी-उजवीकडचा फरक लगेच नजरेत भरतो.

तार, शिसे आणि वजनाचा हिशेब

तार पोटाच्या खाचेत सलग घालावी, म्हणजे मोठ्या माशाने लाकूड फोडले तरी गळ तारेला आणि तार दोरीला धरून राहतील. नाकाच्या टोकाशी तारेचा एक छोटा डोळा (दोरी किंवा गळ अडकवण्याची कडी), नाकापासून ३० मिलिमीटरवर पोटातून बाहेर डोकावणारा दुसरा आणि शेपटीला तिसरा, असे तीन डोळे एकाच तारेला पकडीने वळवून करावेत. पिळाच्या जागी तार दुहेरी होत असल्यामुळे तेवढ्याच जागी खाच थोडी रुंद करावी. तिन्ही डोळे एका पातळीत आहेत याची खात्री मासा डोळ्यांसमोर आडवा धरून करून घ्यावी.

शिसे किती घालावे, हा प्रश्न अंदाजाने सोडवायचा नाही. मोजपात्रात पाणी घेऊन मासा टाचणीने पूर्ण बुडवावा आणि पाणी किती घनसेंटिमीटर चढले ते पाहावे. वर दिलेल्या मापांत ते साधारण ८ येते, म्हणजे ८ ग्रॅमपर्यंतचे एकूण वजन हा मासा तरंगवू शकतो. बाल्साचे धड सव्वा ते दीड ग्रॅम, तार पाऊण ग्रॅम, दोन गळ आणि रिंगा मिळून दीड ग्रॅम, लिप पाव ते अर्धा ग्रॅम आणि रंग-लॅकर पाऊण ते एक ग्रॅम धरल्यास पाच ग्रॅमच्या आतबाहेर बेरीज होते. त्यात एक ग्रॅम शिसे घातले तरी दोन ग्रॅमांची उचल शिल्लक राहते, आणि ती राहायलाच हवी, कारण ओढणे थांबवताच मासा हळूहळू वर येणे हा या ल्युअरचा अर्धा गुण आहे. रापाला यांच्या कारखान्यातून येणाऱ्या ९ सेंटिमीटरच्या मूळ तरंगत्या ल्युअरचे वजनही ५ ग्रॅमच आहे. पांगाऱ्याचे धड बाल्सापेक्षा जड भरते. तेथे शिसे निम्म्यावर आणावे.

शिशाची जागा पोटाच्या डोळ्यामागे, नाकापासून ३५ ते ४० मिलिमीटरवर, आणि शक्य तितकी खाली असावी. ते पुढे-मागे दोन तुकड्यांत विभागून घातले तर मासा जडशीळ होतो आणि लटपट मंदावते. एकाच ठिकाणी गोळा केलेले वजन चांगले. ठरवलेल्या शिशापैकी दोन-तृतीयांशच आता बसवावे आणि उरलेले चाचणीसाठी राखून ठेवावे. शिसे विषारी आहे, त्यामुळे ते दातांनी दाबण्याची अनेकांची सवय येथे कटाक्षाने टाळावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. तार आणि शिसे जागेवर आले की संपूर्ण खाच इपॉक्सीने भरून, रात्रभर वाळू देऊन, पोट पुन्हा घासून घ्यावे.

नंतर धड एनसी लॅकरमध्ये दोन-तीनदा बुडवून, दर वेळी वाळवून घ्यावे. कच्चे लाकूड पाण्यात गेले की फुगते आणि केलेला सगळा हिशेब फुकट जातो. येथे रापाला यांची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. त्यांच्याकडे लॅकर नव्हते, म्हणून त्यांनी छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर माशावर चढवला. त्या काळच्या पुष्कळशा फिल्म नायट्रोसेल्युलोजच्या असत, आणि रंगाच्या दुकानात फर्निचरसाठी मिळणाऱ्या एनसी लॅकरमधील मुख्य द्रव्यही तेच. त्यामुळे डबा आणला की काम भागते. हौसेखातर जुन्या फिल्म वितळवू नयेत, त्या भडकन पेट घेतात. लॅकर आणि थिनर यांचेही काम उघड्या खिडकीशी, विस्तवापासून दूर करावे.

लिप आणि पाण्यातील चाचणी

लिप १० ते ११ मिलिमीटर रुंद आणि बाहेर सुमारे १० मिलिमीटर दिसेल एवढी ठेवावी. सुरुवातीला मात्र ती थोडी मोठीच कापावी, कारण कानशीने कमी करता येते, वाढवता येत नाही. तिची पुढची कड अर्धगोल आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या हव्यात. खाचेत ती दाबून बसेल इतकी घट्ट असावी. गोंद अजून लावायचा नाही.

गळ आणि रिंगा अडकवून मासा पाण्यावर ठेवावा. तो पाठ वर करून, शेपटी किंचित खाली ठेवून, पाठीचा भाग पाण्याबाहेर दाखवत तरंगला पाहिजे. मग शेततळ्याच्या किंवा संथ कालव्याच्या काठाने, दीड-दोन मीटर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बांधलेल्या काठीच्या टोकाला तो लावून, चालण्याच्या वेगाने ओढत न्यावा. बादली किंवा टब या कामाचा नाही, त्यात मासा वेग धरण्याआधीच भिंतीला लागतो. रापाला यांच्या कारखान्याने पुढे लाखोंनी ल्युअर काढले, तरी प्रत्येक मासा हाताने जुळवून, टाकीत पोहवून मगच बाहेर पाठवायचा, हा शिरस्ता ठेवला. घरगुती कारागिराला तर त्यातून सुटका नाहीच.

मासा काय करतो ते पाहून दोष ओळखता येतो. तो आडवा पडून गरगरत असेल, तर लिपचा जोर पोटातल्या वजनाला पेलवत नाही: लिप अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने घासून लहान करावी किंवा पुढच्या गळाच्या दांड्यावर शिशाची पातळ तार गुंडाळून वजन वाढवावे. तो काठीसारखा ताठ सरकत असेल, तर उलट उपाय, म्हणजे वजन कमी किंवा लिप मोठी. ताठ सरकणाऱ्या माशाचे मूळ बहुधा जड लाकडात किंवा जाड रंगात असते, आणि रंग अजून लागलेला नसल्यामुळे येथे संशय लाकडावरच घ्यावा. शेपटी फार खाली जात असेल तर शिसे मागे गेले आहे. गुंडाळलेली तार कमी-जास्त करत चाल मनासारखी झाली की ती सोडून तिचे वजन करावे आणि तेवढेच शिसे पोटात बारीक भोक पाडून कायमचे बसवावे.

मासा चांगला लटपटतो, पण एका बाजूला ओढतो, ही तक्रार सर्वांत जास्त आढळते आणि तिच्यावरचा इलाज सर्वांत सोपा आहे. माशाचे नाक आपल्याकडे करून तो ओढत आणावा. तो आपल्या डावीकडे जात असेल तर नाकावरचा तारेचा डोळा पकडीने आपल्या उजवीकडे, उजवीकडे जात असेल तर डावीकडे, केसभर वाकवावा आणि पुन्हा ओढून पाहावा. केसभर हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. दिसेल इतका वाकवला की मासा दुसऱ्या टोकाला जातो. दुकानातून आणलेला ल्युअर एखादा मोठा मासा लागल्यानंतर वाकडा चालू लागला, तरी हाच उपाय लागू पडतो.

लिपच्या कोनाबद्दल एक खुलासा. लिप धडाच्या रेषेकडे अधिक झुकलेली, म्हणजे पुढे सरळ गेलेली असेल, तर मासा खोल जातो आणि लटपट आखूड होते. ती जितकी उभी, तितका तो वरच्या थरात राहून मोठ्या हेलकाव्यांनी चालतो. ४५ अंशांचा कोन हा उथळ पाण्यासाठी, आणि पहिल्या प्रयत्नासाठी तोच निवडावा.

चांदी आणि रंग

चाल पसंत पडल्यावर लिप काढून ठेवावी. चॉकलेटची किंवा स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची चांदी कानशीच्या दात्यांवर ठेवून बोटाने घासली की तिच्यावर खवल्यांची जाळी उमटते. तिचे दोन सारखे तुकडे कापून, पातळ गोंदाने बाजूंवर चिकटवून, मधून कडांकडे चमच्याच्या पाठीने सुरकुत्या काढत बसवावेत. पाठ गडद, पोट पांढरे. रापाला यांचा पहिला मासा काळ्या पाठीचा, सोनेरी बाजूंचा आणि पांढऱ्या पोटाचा होता असे सांगतात, आणि गढूळ पाण्यात सोनेरी रंग आजही चांगले काम देतो. पाठीची कड आणि चांदी यांच्यामध्ये स्पंजाच्या तुकड्याने रंग टिपला की सांधा झाकला जातो. माशाचा डोळा मात्र रंगाने थोडा मोठाच काढावा.

लिप आता इपॉक्सीने पक्की करावी, ती नाकाच्या रेषेत सरळ आहे हे समोरून पाहून घ्यावे, आणि लॅकरचे चार-पाच पातळ थर द्यावेत. इपॉक्सीचा एकच जाड थर चमकदार दिसतो, पण तो एक ग्रॅमहून जास्त वजन वाढवतो आणि एवढ्या हलक्या माशाची चाल मारतो, म्हणून लहान ल्युअरसाठी मी लॅकरच्या बाजूचा आहे. थर देताना डोळ्यांच्या तारा आणि लिप चिकटपट्टीने झाकाव्यात.

बांधणे आणि ओढणे

तंगूस नाकाच्या डोळ्याला घट्ट गाठीने आवळली तर लटपट अडते. गाठ नेहमी मोकळ्या फासाची असावी. रापाला यांच्याच नावाने ओळखली जाणारी गाठ अशी: टोकापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर एक सैल साधी गाठ घालावी; टोक नाकावरच्या तारेच्या डोळ्यातून नेऊन परत त्या सैल गाठीतून काढावे; मुख्य दोरीभोवती त्याचे तीन वेढे द्यावेत; मग ते सैल गाठीतून मागच्या बाजूने ओढून, नव्याने तयार झालेल्या फासातून शेवटी बाहेर काढावे. गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करून सावकाश आवळावी.

रापाला हे ल्युअर फेकत नसत. ते होडी वल्हवत आणि मागे सोडलेली दोरी अंगठ्याला गुंडाळून माशाची चाल हाताला जाणून घेत, असे सांगितले जाते. या ल्युअरचा हलकेपणा त्या पद्धतीला साजेसा आहे, फेकण्याला नाही. वाऱ्याविरुद्ध फेकल्यास तो हवेत उलटून दोरीत गुंततो, आणि त्यावर उपाय म्हणून पोटातले शिसे वाढवणे हा या कृतीचा सगळ्यात मोठा अपमान होय. त्याऐवजी बारीक तंगूस वापरावी, वारा पाठीशी घ्यावा, किंवा ल्युअरच्या पुढे ६० सेंटिमीटरवर दोरीला छोटे वजन लावावे. होडी मिळत असेल तर प्रश्नच मिटला. खाडीत ओहोटीच्या प्रवाहाला दोरी ताणून धरली, तर काठावर उभे राहूनही मासा जागच्या जागी लटपटत ठेवता येतो.

ओढण्याचा वेग एकसारखा ठेवू नये. चार हात ओढावे, थांबावे, माशाला थोडा वर येऊ द्यावे, हलका झटका द्यावा, पुन्हा ओढावे. झडप बहुतेकदा त्या थांबण्यात किंवा पुन्हा निघण्याच्या क्षणी पडते. जिताड्यासाठी जाड दांड्याचे गळ लागतात आणि त्यांचे वजन वाढत असल्यामुळे धड ११-१२ सेंटिमीटरचे करून हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मरळीसाठी वरची मापे पुरेशी आहेत, मात्र शेवाळात आणि पाणवनस्पतींत उघडे तिहेरी गळ अडकतात, तेथे मोकळ्या पाण्याच्या कडेनेच ओढावे. गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाकले तर लहान मासा सोडून देणे सोपे जाते, आणि आपल्या बोटात रुतलेला गळही. धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, म्हणून तेथे गळ टाकण्याआधी परवानगी घ्यावी.

रापाला यांच्या बाबतीत पुढे काय झाले, ते चटकन सांगता येते. पत्नी एल्मा आणि मुले यांच्या हातांनी घरातच ल्युअर होऊ लागले. १९५० च्या दशकाच्या शेवटी मिनेसोटातील रॉन वेबर आणि त्यांचे भागीदार रे ऑस्ट्रम यांच्या नजरेस ते पडले आणि त्यांनी ते अमेरिकेत आणले. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या ज्या अंकात या ल्युअरवर लेख आला, त्याच्या मुखपृष्ठावर नुकतीच निधन पावलेली मेरिलिन मन्रो होती. तो अंक प्रचंड खपला आणि मागणी पुरवता पुरवेना. लाउरी रापाला १९७४ मध्ये वारले.

घरी केलेला एखादा मासा खरोखर उत्तम चालला, तर त्याचे धड, शिसे, लिपची रुंदी आणि कोन ही मापे त्याच्या पुठ्ठ्याच्या आकृतीवरच लिहून ठेवावीत, कारण असा ल्युअर खडकात अडकून हरवण्याचा क्षण दूर नसतो. वापरून आल्यावर तो गोड्या पाण्याने धुवावा, रिंगा आणि गळ पुसून कोरडे करावेत आणि दातांचे व्रण भिंगाखाली तपासावेत. लॅकरमधून लाकडापर्यंत पोचलेला व्रण दिसला तर मासा दोन दिवस पूर्ण सुकवूनच त्या जागी लॅकरचा थेंब भरावा. ओल आत कोंडून वर थर दिल्यास लाकूड फुगते, खाच उघडते आणि लिप सैल होते.